निळ्या निशाणाचा शिरस्ता

बंदिस्त मार्गावर फेऱ्या घालणाऱ्या शर्यतीत एक गोष्ट अशी घडते, की जी एका गावाहून दुसऱ्या गावी धावणाऱ्या शर्यतीत कधीच घडू शकत नाही: सर्वांत आघाडीवर असलेला स्पर्धक सर्वांत पिछाडीला पडलेल्याच्या पाठीशी येऊन ठेपतो. दोघांमध्ये जय-पराजयाचा काही व्यवहार उरलेला नसतो. एक पूर्ण फेरी, कधी दोन फेऱ्या, त्यांच्यामध्ये पडलेल्या असतात. तरीही काही क्षणांपुरते ते दोघे त्याच अरुंद डांबरी पट्ट्यावर, त्याच वळणाच्या तोंडाशी, ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या वेगाने एकमेकांच्या वाटेत असतात. आघाडीवरच्याला घाई असते, कारण दुसऱ्या क्रमांकाचा स्पर्धक त्याच्या मागावर असतो. पिछाडीच्यालाही आपली शर्यत असते, कारण सतराव्या आणि अठराव्या क्रमांकांमधली चुरस त्या दोघांपुरती पहिल्या-दुसऱ्या क्रमांकांइतकीच खरी असते. वाट कोणी कोणाला द्यायची, किती द्यायची, केव्हा द्यायची आणि अपघात झालाच तर दोष कोणाच्या पदरी टाकायचा, हा प्रश्न मोटार-शर्यतींइतकाच जुना आहे. घरोघरीच्या संगणकांवर जी आभासी शर्यत, म्हणजे सिम रेसिंग, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिली, तिने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला खऱ्या मैदानावरील उत्तरापेक्षा अधिक विचारपूर्वक दिलेले वाटते, आणि त्याची मीमांसा करण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम खऱ्या मैदानाचा इतिहास पाहू, कारण आभासी मैदानाने आपले बहुतेक संस्कार तेथूनच उचलले आहेत. ११ सप्टेंबर १९८८ रोजी इटलीतील मोंझा येथे आयर्टन सेना आघाडीवर होता आणि शर्यतीच्या दोनच फेऱ्या उरल्या होत्या. त्या वर्षी तोवर त्याचा मॅक्लारेन संघ एकही शर्यत हरला नव्हता. पहिल्या वळणजोडीपाशी सेनाला ओलांडायचा होता तो जाँ-लुई श्लेसर. आजारी नायजेल मॅन्सेलच्या जागी विल्यम्सच्या गाडीत बसलेला, फॉर्म्युला वनला जवळजवळ नवखा असा चालक. श्लेसरची चाके ब्रेकखाली जखडली, त्याची गाडी बाहेरच्या बाजूस घसरत गेली, आणि सेनाने हा माणूस आता वाटेतून गेला असे गृहीत धरून आत वळण घेतले. परंतु श्लेसरने गाडी सावरली आणि तो पुन्हा मार्गावर आला. दोन्ही गाड्यांची टक्कर झाली, मॅक्लारेन वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर अडकून पडली, आणि एन्झो फेरारींच्या निधनाला महिनाही लोटला नव्हता अशा वेळी फेरारीच्या गेर्हार्ड बर्गर आणि मिकेले आल्बोरेतो यांनी पहिला व दुसरा क्रमांक पटकावला. सोळांपैकी पंधरा शर्यती जिंकणाऱ्या संघाची ती एकमेव हुकलेली शर्यत. यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. दोघांनीही एकमेकांच्या पुढच्या हालचालीविषयी जो कयास बांधला, तो चुकला.

दोनच वर्षांनी, १९९० साली, साओ पावलोच्या इंटरलागोस मार्गावर स्वदेशीयांच्या डोळ्यांदेखत सेना फेरी मागे पडलेल्या सातोरू नाकाजिमाच्या गाडीला भिडला आणि हाती आलेली शर्यत ॲलाँ प्रोस्टच्या पदरात पडली. त्याच मार्गावर २०१८ साली प्रकार उलटा झाला: आघाडीवरच्या मॅक्स व्हर्स्टापेनला फेरीभर मागे असलेला, परंतु ताज्या टायरांमुळे त्या घटकेला अधिक वेगवान झालेला, फोर्स इंडियाचा एस्तेबान ओकाँ आपली गमावलेली फेरी परत मिळवण्यासाठी ओलांडू गेला, दोघे भिडले, आणि विजय लुईस हॅमिल्टनकडे गेला. पंचांनी ओकाँला दहा सेकंद थांबण्याची शिक्षा दिली. शर्यतीनंतर ओकाँला धक्काबुक्की केल्याबद्दल व्हर्स्टापेनला दोन दिवसांची लोकसेवा फर्मावण्यात आली. मागे पडलेल्याला आपली फेरी परत मिळवण्याचा हक्क आहे, हे त्या प्रसंगी कोणी नाकारले नाही. हक्क बजावण्याची रीत मात्र चुकली होती.

निरनिराळ्या वेगाच्या गाड्या एकाच मार्गावर सोडल्या जातात त्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत तर हा प्रश्न एखाद्या दुर्दैवी क्षणापुरता नसून दर मिनिटाचा असतो. २०११ साली पहिल्याच तासात ॲलन मॅकनिशची ऑडी डनलॉप पुलाखाली मंद वर्गातील एका फेरारीला लागून कठड्यावर आदळली, आणि त्याच रात्री माइक रॉकनफेलरची दुसरी ऑडी दुसऱ्या एका फेरारीच्या धक्क्याने चक्काचूर झाली. दोघेही चालक जिवंत राहिले, हे पाहणाऱ्यांना चमत्कारासारखे वाटले. उरलेल्या एकमेव ऑडीने शेवटी प्यूजोला १३.८५४ सेकंदांनी मागे टाकून ती शर्यत जिंकली.

अशा प्रसंगांसाठी फॉर्म्युला वनने जो कायदा घडवला तो थोडक्यात असा: फेरी मागे पडलेल्या चालकाला मार्गाकडेचा अधिकारी निळे निशाण हलवून दाखवील, आणि ते दिसताच त्याने पहिल्या योग्य संधीला वाट करून द्यावी, लागोपाठच्या निशाणांकडे दुर्लक्ष केल्यास दंड होईल. म्हणजे दायित्व मुख्यतः मंद चालकाचे. याच्या उलट, अमेरिकेच्या नास्कार शर्यतींत निळ्यावर तिरका पिवळा पट्टा असलेले निशाण दाखवतात आणि त्याचा आशय हुकमाचा नसून सूचनेचा असतो. एकाच रंगाखाली हे दोन वेगळे न्यायविचार नांदत आले आहेत.

आता आभासी मैदानाकडे येऊ. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की यात पडद्यासमोर बसलेला माणूस बोटांनी कळ दाबत नाही. तो टेबलाला आवळून बसवलेले, रस्त्याचा प्रत्येक खड्डा हाताला जाणवून देणारे स्टिअरिंग धरतो, पायांखाली पेडल असतात, आणि त्याच्या गाडीचे टायर झिजणे, तापणे, पेट्रोल कमी होत जाऊन गाडी हलकी होणे, हे सर्व संगणक गणिताने घडवून आणतो. या क्षेत्रातील एक आद्य पुरुष म्हणजे डेव्ह केमर. १९८९ साली त्याच्या पपायरस संस्थेने इंडियानापोलिसच्या शर्यतीचा संगणकीय अवतार काढला, १९९८ साली ‘ग्रँड प्री लेजेंड्स’ काढला, आणि पुढे जॉन हेन्री यांच्यासह त्याने उभारलेले ‘आयरेसिंग’ २००८ साली सर्वांसाठी खुले झाले. जगभरचे अनोळखी लोक ठरल्या वेळी एका सर्व्हरवर जमून एकमेकांशी शर्यत करतात, आणि त्यांच्या वर्तनाची लेखी क्रीडासंहिता अमलात असते, ही व्यवस्था तेथे फार निगुतीने लावलेली आहे.

त्या संहितेत निळ्या निशाणाचे स्थान पाहण्यासारखे आहे. तेथे ते केवळ सूचनार्थ आहे: मागून वेगवान गाडी येत आहे, एवढेच ते सांगते. वाट सोडण्याची सक्ती मंद चालकावर नाही. सुरक्षितपणे ओलांडण्याचे दायित्व ओलांडणाऱ्याचे. ज्याला ओलांडले जात आहे त्याचे कर्तव्य एवढेच, की त्याने आपली नेहमीची रेषा धरून राहावे, अकस्मात काही करू नये, आणि मुद्दाम अडवणूकही करू नये. फॉर्म्युला वन पाहून या खेळात आलेल्या नवख्याला हा नियम प्रथम अन्यायाचा वाटतो. आपण पहिल्या क्रमांकावर आहोत आणि अठराव्या क्रमांकाचा माणूस बाजूला होत नाही, याचा त्याला संताप येतो. मला मात्र या नियमात एक खोल शहाणपण दिसते, आणि त्याचे मूळ नीतिशास्त्रात जितके आहे तितकेच यंत्रशास्त्रात आहे.

ते यंत्रशास्त्र असे. शर्यतीत भाग घेणारे तीस-चाळीस संगणक जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत असतात. पुण्यातल्या चालकाची गाडी या क्षणी कोठे आहे, हे वृत्त सर्व्हरमार्गे जर्मनीतल्या किंवा ब्राझीलमधल्या चालकाच्या संगणकापर्यंत पोहोचायला काही काळ जातो. तो काळ दीडशे सहस्रांश सेकंदांचा धरला, आणि गाडी ताशी २५० किलोमीटरने धावत आहे असे मानले, तर तेवढ्या अवधीत ती दहा मीटरहून अधिक अंतर तोडते. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दुपटीहून जास्त. मग पडद्यावर दिसते ते काय? पडद्यावर दिसतो तो संगणकाचा अंदाज. शेवटचे वृत्त आले तेव्हा गाडी अमुक ठिकाणी, अमुक वेगाने, अमुक दिशेने जात होती, तेव्हा आता ती येथे असली पाहिजे, असे अनुमान करून संगणक ती गाडी रंगवतो. गाडी अपेक्षेप्रमाणे चालत राहिली तर अनुमान आणि सत्य यांच्यात केसाचाही फरक पडत नाही. परंतु मंद चालकाने, मग ते सौजन्यापोटी का असेना, वळणाच्या ऐन मध्यावर एकदम गाडी बाजूला घेतली, तर मागच्याच्या पडद्यावर काही क्षण ती जुन्याच वाटेने जाताना दिसते, आणि नवे वृत्त पोहोचताच एका उडीत दुसरीकडे प्रकट होते. त्या उडीच्या जागी मागच्याची गाडी आधीच असेल, तर टक्कर झाली.

म्हणून आपली रेषा न सोडणे हा येथे हेकेखोरपणा ठरत नाही. मागच्याच्या पडद्यावर आपण जेथे दिसतो तेथेच आपण खरोखर असावे, याची ती एकमेव हमी आहे. घाटात मालट्रकचा चालक उजवा हात बाहेर काढून मागच्याला ‘जा’ म्हणून खुणावतो आणि मागचा त्या हातावर विश्वास टाकून पुढे जातो; तेथे दोघेही एकच रस्ता एकाच क्षणी पाहत असतात, म्हणून तो विश्वास सार्थ असतो. आभासी मैदानावर दोन चालक एकच रस्ता एकाच क्षणी कधीच पाहत नाहीत, आणि म्हणून तेथे दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याचे औदार्य धोक्याचे ठरते.

दृष्टीची मर्यादा ही दुसरी अडचण. साध्या एका पडद्यासमोर हातभर अंतरावर बसणाऱ्याला, प्रमाणशीर चित्र ठेवायचे म्हटले तर, समोरचे जेमतेम पंचेचाळीस अंश दिसतात. खऱ्या गाडीत डोळ्याच्या कोपऱ्यातून जाणवणारी शेजारची सावली येथे नाही. तिची उणीव कानाने भरून काढावी लागते. संगणकातला मदतनीस, ज्याला स्पॉटर म्हणतात, तो डावीकडे गाडी आहे, उजवीकडे गाडी आहे, आता वाट मोकळी आहे, असे सांगत राहतो. शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो, ज्यात आपल्या पुढच्या-मागच्या गाड्या आणि त्यांचे सेकंदांतले अंतर दिसते. अनुभवी चालक आरशापेक्षा या तक्त्याकडे अधिक वेळा पाहतो. पाच सेकंदांवर असलेली गाडी पुढच्या फेरीत तीन सेकंदांवर आली, की आपली तिची गाठ कोणत्या वळणावर पडणार याचा हिशेब तो आधीच मांडून ठेवतो.

हा हिशेब कसा चालतो, हे बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँच्या मार्गावर पाहणे उद्बोधक आहे. सात किलोमीटरच्या या मार्गावर ला सोर्सचे आखूड वळण संपले, की गाड्या उतारावरून खाली झेपावतात, ओ रूजच्या तळाशी दाबल्या जाऊन राइदियाँच्या चढावर, पलीकडचे काहीही दिसत नसताना, पूर्ण वेगाने उसळतात, आणि मग केमेल नावाच्या लांबलचक सरळ पट्ट्यावर येतात, ज्याच्या शेवटी ले काँबचे उजवे वळण आहे. समजा, ला सोर्समधून जीटी वर्गातली एक गाडी बाहेर पडत आहे आणि तिच्या मागे दीड सेकंदावर कितीतरी अधिक वेगवान अशी प्रोटोटाइप आहे. प्रोटोटाइपचा चालक उतावळा असेल तर तो राइदियाँच्या चढावरच शेजारी घुसतो. तेथे दोन गाड्यांना जागा आहे, परंतु चुकीला जागा नाही. तोच चालक जाणता असेल तर तो ला सोर्समधून निघतानाच क्षणभर पाय सैल करतो, चढ एकामागे एक असा पार होऊ देतो, आणि केमेलवर पुढच्या गाडीच्या मागच्या विरळ हवेचा लाभ घेऊन उजवीकडून सहज निघून जातो. त्याचे नुकसान सेकंदाच्या काही दशांशांचे होते. आणि जीटीच्या चालकाने काय करायचे? जवळजवळ काहीच नाही. ले काँबच्या उजव्या वळणासाठी त्याची स्वाभाविक जागा डावीकडेच आहे. तेथे त्याने राहावे. फार तर सरळ पट्ट्यावर पाय किंचित उचलून ओलांडणे लवकर आटपू द्यावे. ब्रेक मात्र कधीही मारू नये, आणि वळणाच्या तोंडाशी आतली बाजू झाकायला जाऊ नये.

येथेच नवख्याची सर्वांत घातक चूक होते, आणि तिच्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. पहिली प्रोटोटाइप निघून गेली, कर्तव्य झाले, असे समजून जीटीचा चालक हायसे वाटून उजवीकडे सरकतो, आणि पहिलीच्या आडोशाला चिकटून आलेल्या दुसऱ्या प्रोटोटाइपच्या अंगावर जाऊन पडतो. आघाडीचे चालक पुष्कळदा जोडीने किंवा तिघे मिळून येतात, आणि मागच्यांना पुढच्याच्या आड फारसे काही दिसत नसते. तेव्हा वाट मोकळी असल्याचे कानी पडेपर्यंत आणि तक्त्यावर दुसरे नाव दिसत नाही याची खात्री होईपर्यंत जागा बदलायची नाही, हा शिरस्ता जो अंगी बाणवतो, त्याला या खेळात मान मिळतो.

दिव्यांच्या उघडझापीविषयीही बराच गैरसमज आहे. मागच्याने दिवे दाखवले, की त्याचा आशय ‘मी येथे आहे’ इतकाच असावा. त्याला ‘दूर हो’ या हुकमाचे रूप आले, की घाबरलेला माणूस नेमके नको तेव्हा सरकतो. एकदा लावलेले दिवे पुरेत. त्याहून चांगला उपाय म्हणजे ध्वनिवाहिनीवर शांतपणे ‘उजवीकडून येतो’ एवढे सांगणे. तेही वळणाच्या आधी, वळणात नव्हे.

नियम मोडला तर शिक्षा काय? आयरेसिंगमध्ये मार्ग सोडल्यास एक गुण, गाडीवरचा ताबा सुटल्यास दोन आणि दुसऱ्या गाडीशी जोराची टक्कर झाल्यास चार, असे दोषगुण चढतात, आणि टक्करीचे चारही गुण दोघांच्या खाती जमा होतात. अपराधी कोण याची चौकशी यंत्र करीत नाही. दोषगुण साचले की सुरक्षा-श्रेणी उतरते आणि परवान्याचा वर्ग धोक्यात येतो. निरपराध्यालाही शिक्षा देणारी ही व्यवस्था वरकरणी अघोरी वाटते. पण तिने एक मोठी गोष्ट साधली: ‘चूक त्याची होती’ या समाधानाची किंमतच तिने काढून घेतली. आघाडीवरच्या चालकाला कळते, की आपले म्हणणे कितीही न्यायाचे असले तरी चार गुण आणि मोडलेली गाडी हेच पदरी पडणार. म्हणून तो थांबायला शिकतो.

खाजगीरीत्या भरणाऱ्या लीग शर्यतींत मात्र पंच असतात, लेखी तक्रार करण्याची मुदत असते, चित्रफीत जोडावी लागते, प्रतिवादीची कैफियत घेतली जाते, आणि मग निकाल लागतो. काही लीग फॉर्म्युला वनचा सक्तीचा नियम स्वीकारतात, काही सूचनेचा. सक्तीचा नियम एकाच प्रकारच्या गाड्यांच्या छोट्या शर्यतीत चालून जातो, असे मला वाटते. मिश्र वर्गांच्या लांब शर्यतीत तो अनर्थ करतो. आणि पुराव्याविषयीही पंचांनी एक पथ्य पाळावे. प्रत्येक संगणक स्वतःला जे दिसले त्याचीच चित्रफीत नोंदवतो; त्यामुळे एकाच टक्करीच्या दोन फितींत दोन्ही गाड्यांमधले अंतर वेगळे दिसू शकते, आणि दोन्ही फिती आपापल्या परीने प्रामाणिक असतात. एकाच बाजूची फीत पाहून दिलेला निकाल मी निकाल मानीत नाही.

या सर्व चर्चेत मंद चालकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बहुधा विसरला जातो. २०१२ साली मलेशियात कोइमतूरच्या नारायण कार्तिकेयनच्या गाडीला ओलांडताना सेबास्टियन व्हेटेलचा टायर फाटला, आणि जगज्जेत्याने त्यानंतर जाहीरपणे जी भाषा वापरली ती त्याला ‘काकडी’ म्हणण्यापर्यंत जाऊन पोहोचली. कार्तिकेयनला पंचांनी दंडही केला. त्या टक्करीतील दोषाचे वाटप कसेही करा. पण पैशाने आणि यंत्राने दुबळ्या अशा गाडीतून, क्षणाक्षणाला आरशात पाहत, सतत कोणाला तरी वाट करून देत स्वतःची शर्यत चालवणे किती अवघड असते, याचा विचार त्या गदारोळात फारसा झाला नाही. आभासी मैदानावर तर मंद असणाऱ्यांत शाळकरी मुले असतात, दिवसाचे काम आटपून रात्री तासभर बसणारे गृहस्थ असतात, पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा स्टिअरिंग हाती धरलेले असतात. त्यांनी प्रवेश घेतला आहे, नियम पाळले आहेत, पात्रता मिळवली आहे. त्यांना अडथळा म्हणणे मला मुळीच मान्य नाही.

काही लोकप्रिय खेळांनी यावर एक सोपा तोडगा काढला आहे: फेरी मागे पडलेली गाडी वेगवान गाडीजवळ येताच छायारूप होते आणि आरपार जाता येते. त्यामुळे टक्कर होत नाही हे खरे; परंतु ओलांडण्याची कलाच त्याबरोबर नाहीशी होते. १३ आणि १४ जून २०२० रोजी, महामारीमुळे खरी ल मां शर्यत सप्टेंबरवर ढकलली गेली असताना, ‘आरफॅक्टर २’ या प्रणालीवर ५० गाड्या आणि २०० चालक घेऊन २४ तासांची आभासी ल मां भरली, तेव्हा प्रोटोटाइप आणि जीटी गाड्या रात्रभर एकमेकींच्या वाटेत येत होत्या. पोर्शे वळणांत, जेथे प्रोटोटाइप हवेच्या दाबामुळे चिकटून राहते आणि जीटीला पाय उचलावाच लागतो, तेथे एखादा चालक दोन-तीन वळणे संयमाने मागे राहून बाहेर पडताना सफाईने निघून जातो, तेव्हा पाहणाऱ्याला जो आनंद होतो तो छायारूप गाड्यांनी कधीही मिळणार नाही.

महाराष्ट्रात ज्यांना मिश्र वर्गांच्या अशा लीग चालवायच्या असतील, त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की नवख्याला प्रोटोटाइप देऊ नका. निदान एक हंगाम त्याला जीटीत बसवा, तासातासाला वीस-तीस वेळा ओलांडला जाऊ द्या, मागच्याचा उतावळेपणा आणि मागच्याचा संयम या दोहोंचा अनुभव त्याला पिछाडीच्या जागेवरून घेऊ द्या, आणि प्रत्येक शर्यतीनंतर चित्रफितीत मागच्या गाडीच्या आसनावरून स्वतःची गाडी पाहायला लावा. त्याच्या गाडीची कोणती हालचाल मागच्याला आधी कळली आणि कोणती कळली नाही, हे त्याने स्वतः वहीत टिपावे. पुढच्या हंगामात त्याच्या हाती वेगवान गाडी द्यायला हरकत नाही.